मागचा एक्सल आणि शेडमधली अडाणी माणसं

मंगळवार, ३ फेब्रुवारी

आधी एक दुरुस्ती. रविवारच्या नोंदीत मी लिहिलंय की शेवंतीमावशीच्या ट्रेलरचं काम बाबांनी विश्वासाने माझ्याकडे सोपवलं. हे तंतोतंत खरं नाही. बाबांनी आमच्या ट्रेलर-दुरुस्तीच्या शेडमध्ये विचारलं, मागच्या एक्सलचे बुश कोण घेतंय? मी हात वर केला. बाबा तेव्हा फोनवर होते. त्यांनी मान हलवली, ती फोनवरच्या माणसासाठी असू शकते. पण नाही म्हणाले नाहीत. रोजनिशीत खोटं नको म्हणून लिहिलं. आता मन साफ आहे.

काम काय: ब्रेक दाबला की एक्सलवरचा शाफ्ट फिरतो आणि त्याच्या टोकाचा नागमोडी कॅम दोन्ही ब्रेकशू ड्रमवर दाबतो. शाफ्ट ज्या बुशमध्ये बसतो ते झिजले की शाफ्ट डुगडुगतो. मग एक चाक थांबतं आणि दुसरं थांबल्यासारखं करतं.

मावशीकडे हा एकच ट्रेलर. तिचे यजमान गेल्यावर सगळे विक म्हणाले, तिने विकला नाही. ड्रायव्हर ठेवून चालवते. १७ तारखेला आरटीओत पासिंग आहे. ते हुकलं तर न्हावाशेव्याच्या कंटेनरचं काम दुसऱ्या गाडीला जाणार, तसं तिला फोनवर सांगून ठेवलंय.

चौदा दिवस आहेत. मला तीन पुरेत. उद्या साडेआठला सुरुवात.

बुधवार, ४

सुरुवात केली नाही. कारण सर्वेश.

सर्वेश माझा चुलतभाऊ. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, शेडमध्ये नऊ वर्षं, अजून एक ओळ लिहून ठेवलेली नाही. तो ट्रेलरखाली सरकला, शाफ्ट हाताने हलवला आणि म्हणाला, प्ले आहे ताई, बदल. किती आहे? विचारलं तर अंगठा आणि बोट दाखवून म्हणाला, एवढा. एवढा म्हणजे किती मिलिमीटर? तर पुन्हा तीच बोटं.

पवईला क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये मी दीड वर्ष काढलंय. तिथे ‘एवढा’ चालत नाही. प्ले मोजायला डायल गेज ऑर्डर केला.

पाने मला याच शेडमध्ये कळले, हे मान्य आहे. सातव्या वर्षी मी बाबा मागतील तो पाना न बघता हातात ठेवायचे. पण सवय वेगळी आणि शास्त्र वेगळं. इथे नुसती सवय आहे. उदाहरणार्थ, एक्सलच्या एका बाजूला ही माणसं ड्रायव्हर साइड म्हणतात आणि दुसरीला क्लीनर साइड. ट्रेलरला ड्रायव्हर असतो का? ड्रायव्हर पुढे, ओढणाऱ्या गाडीत. मी डावी आणि उजवी म्हणणार, असं जाहीर केलं. सर्वेश म्हणाला, त्यापेक्षा नवऱ्याची बाजू, नवरीची बाजू म्हणू या ना मॅडम, अंतरपाट मी धरतो. अशा लोकांबरोबर काम करायचं.

गुरुवार, ५

गेज आला नाही. दिवस वाया घालवला नाही. एक्सल कंपनीच्या पीडीएफवरून चेकलिस्ट केली, एक्केचाळीस मुद्दे, आणि स्टेशनजवळून लॅमिनेट करून आणली. घरी आल्यावर सतराव्या मुद्द्यात चूक दिसली. परत गेले, परत लॅमिनेट केली. आई म्हणाली, गो, लग्नाची पत्रिका छापतंस काय?

सर्वेशने आज दुसऱ्या एका ट्रेलरचे दोन्ही बाजूंचे बुश बदलून गाडी बाहेर काढली. चेकलिस्टशिवाय. देव त्या ड्रायव्हरला सांभाळो.

शनिवार, ७, दुपार

गेज आला. त्याचं मॅग्नेट गंजावर चिकटेना, म्हणून एक्सल तासभर घासला. मग मोजलं. प्ले मर्यादेपेक्षा जास्त आहे. म्हणजे बुश बदलायला हवेत.

सर्वेश म्हणाला, बुधवारी मी काय भजन म्हणत होतो? त्याला फरक कळत नाही. त्याला वाटत होतं. मला माहीत आहे.

सोमवारी साडेआठ. नक्की.

सोमवार, ९

सुरुवात झाली. (सव्वाअकराला. चेकलिस्टमधल्या पहिल्या सहा मुद्द्यांना वेळ लागतो.) गाडी सरकू नये म्हणून पुढच्या चाकांना लाकडी उटी लावली, जॅक, स्टँड, सगळं नियमाने. संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंची चाकं, ड्रम, शू, शाफ्ट बाहेर.

दोन्ही बाजू एकदम उघडल्या म्हणून सर्वेशने कपाळाला हात लावला. त्याची पद्धत अशी की एक बाजू उघडायची, पूर्ण बसवायची, मगच दुसरीला हात. का? तर काका, म्हणजे माझे बाबा, असंच करतात. बाबांना विचारलं तर म्हणाले, अण्णा असंच करायचे. अण्णा म्हणजे माझे आजोबा, आयुष्य गिरणीत गेलं. मागाला ट्रेलरचे ब्रेक नसतात, हे या घरात कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

डावा आणि उजवा शाफ्ट एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात, बाहेरून बघून पटकन कळत नाही. म्हणून पुठ्ठ्याच्या दोन चिठ्ठ्या केल्या. ‘डावा’, ‘उजवा’. सुवाच्य अक्षरात, तारेने बांधल्या. एवढं साधं काम या शेडमध्ये तीस वर्षांत कोणी केलं नाही.

चारला शेवंतीमावशी आली. सगळं सुटं पाहून तिचा चेहराच उतरला. म्हणाली, बाय गं, होईल ना? गाडी उभी असली की मला घास उतरत नाही. मी तिला चेकलिस्ट दाखवली. तिने चष्मा आणला नव्हता. मी म्हटलं, मावशी, निर्धास्त राहा, आता इथे पद्धत आहे.

ती सर्वेशकडे बघत होती. जुन्या पिढीला माणसाची खात्री लागते, कागदाची नाही.

बुधवार, ११

बुश काढले. डाव्या बाजूचा दीड दिवस निघाला नाही. हातोडी मारायची नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून बोल्ट, वॉशर आणि पाइपचा तुकडा वापरून ओढणी बनवली. बोल्ट वाकला. मग जेवायला जाता जाता सर्वेश थांबला, मापाचा सॉकेट लावून एकच ठोका दिला आणि बुश बाहेर. मी तो आधीच सैल करून ठेवला होता, हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, हो ना, तूच केलास, मी फक्त डास मारला.

नवे बुश सरळ बसले. ग्रीस अडवणाऱ्या सीलची कड कुठल्या दिशेला ठेवायची हे मात्र सर्वेशनेच मला विचारलं. जास्तीचं ग्रीस ब्रेकशूच्या लायनरकडे न जाता बाहेर पडलं पाहिजे, मी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान डोलावली. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

शुक्रवार, १३

शाफ्ट बसवले. बाबांनी ट्रेलरच्या मागे कोणाचा तरी टेम्पो आणून लावला होता. सोमवारी मी मागून खाली शिरले होते, आज पुढून शिरावं लागलं. शेडचं नियोजन हा वेगळा विषय आहे.

काळजी एवढी घेतली की चिठ्ठी वाचून नुसतं समाधान झालं नाही. माझं घड्याळ डाव्या हातात असतं. घड्याळाचा हात ज्या बाजूला, ती डावी. तीनदा ताडून पाहिलं. तीनदा बरोबर आलं.

ब्रेकशूचे रोलर कॅमवर नीट बसत नव्हते, जोर लावावा लागला. नवीन काम थोडं अडतंच.

चेकलिस्ट: एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस. सर्वेशची आजवर किती झाली असतील?

शनिवार, १४

चाचणी. मावशीच्या ड्रायव्हरने पुढची गाडी जोडली, हवा भरली. मागची चाकं जॅकवर. सर्वेश हाताने चाक फिरवत होता. मी ओरडले, दाबा! ड्रायव्हरने ब्रेक दाबला.

चाक फिरत राहिलं.

दुसऱ्या बाजूचंही. ड्रायव्हर खाली उतरला, चाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तंबाखू मळायला लागला. त्याला पायात जोर नाही असं माझं निरीक्षण आहे. सर्वेश म्हणाला, ताई, शाफ्ट जरा... मी त्याला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. शाफ्ट तीनदा ताडलेले आहेत.

बाबांनी ऑफिसमधून विचारलं, गो, झाला काय? मी सांगितलं, पंच्याण्णव टक्के.

तीन दिवस उरले. मावशीचा फोन आला होता. उचलला नाही. हात ग्रीसचे होते. (धुतले होते. पण तरी.)

रविवार, १५

महाशिवरात्र. शेड बंद. उपास असल्यामुळे डोकं स्वच्छ आहे. घरी बसून ब्रेक न लागण्याच्या संभाव्य कारणांची यादी केली. अकरा निघाली: हवेची नळी, कॉम्प्रेसर, ड्रायव्हर, बाजारातला माल, वगैरे. माझ्याकडे बोट दाखवणारं एकही नाही. हे मी मुद्दाम तपासलं, स्वतःला सूट दिली नाही.

सर्वेश दिवसभर घरी नव्हता, साबुदाण्याची खिचडीही खाल्ली नाही. देवळात गेला म्हणे. शर्टाला ग्रीस लावून.

सोमवार, १६

ब्रेक लागतो!

सकाळी यादी घेऊन गेले. कारण क्रमांक एक तपासायच्या आधी सहज दाबून बघा म्हटलं. चाक जागच्या जागी थांबलं, दोन्ही बाजूंनी. बुश दोन दिवसांत सेट झाले. हे पीडीएफमध्ये नाही, पण अनुभवाने कळतं. चेकलिस्टमध्ये बेचाळिसावा मुद्दा: बसवल्यावर गाडीला विश्रांती द्यावी. पुन्हा लॅमिनेट करायला टाकली.

मंगळवार, १७

पास झाला!

मावशी स्वतः केबिनमध्ये बसून गेली आणि पेढे घेऊन आली. पहिला पेढा मला भरवला. म्हणाली, माझं अन्न राखलंस गं पोरी. सोमवारी पुढच्या एक्सलसाठी गाडी आणते, तूच करायचंस, दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही. बाबा चार लोकांत माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, माझ्या चेडवान केल्यान. हे ते आजवर कधी बोलले नव्हते.

सर्वेशने दोन पेढे खाल्ले आणि काही बोलला नाही. हेवा माणसाला गप्प करतो. मी मनात आणलं नाही.

गुरुवार, १९, सकाळ

सोमवारसाठी पेटी आवरत होते. तळाशी माझ्या दोन चिठ्ठ्या मिळाल्या, तारेसकट. ‘उजवा’च्या मागे सर्वेशचं अक्षर, पेन्सिलने: ताई, अदलाबदल झालेली. रविवारी फिरवले. मावशीला सांगू नको, घाबरेल.

नऊ वर्षांत त्याने लिहिलेली पहिली ओळ.

आधी मी घड्याळ बघितलं. मग रिकाम्या जागेत मागच्या बाजूला उभी राहिले, मग पुढच्या बाजूला जाऊन, उलट तोंड करून. ड्रायव्हर साइड दोन्ही वेळा एकच राहते. कुठूनही बघा.

मावशी त्या केबिनमध्ये बसून गेली होती.

दुरुस्त्या:
७ तारीख: सर्वेशलाही माहीत होतं.
११ तारीख: बुश मी सैल केलेला नव्हता. सीलचं मात्र तसंच राहू दे, ते खरं आहे.
१३ तारीख: घड्याळाचा हात डावाच होता. तोंड उलटं होतं.
१४ तारीख: ड्रायव्हरच्या पायात जोर आहे.
१६ तारीख: बुश सेट होत नसतात.
१७ तारीख: तो हेवा नव्हता.

बाबांना सांगायला हवं. आज सुट्टी आहे आणि ते आरामात पेपर वाचतायत. उद्या सर्वेश पार्ट आणायला जाणार, तो समोर असायला हवा. शनिवारी बाबांची दाढ काढायची आहे, तोंडात कापूस असलेल्या माणसाला असं सांगत नाहीत. रविवारी मला कारण सापडलेलं नाही, पण सापडेल, माझं मला माहीत आहे. म्हणून दिवस लिहूनच ठेवते. गाडी आली की आधी सगळ्यांसमोर सांगायचं, मावशीसमोरही. घाबरली तर घाबरू दे, गाडी तिची आहे. तिला चालणार असेल तर मग उटी, मग एकच बाजू, सर्वेशच्या हाताखाली.

चिठ्ठी केली आहे. ‘ड्रायव्हर साइड’. एकच केली.

सोमवार, २३ फेब्रुवारी, सकाळी साडेआठ.