फिल्टरखालची काच

३ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझी वहिनी हल्ली चहाचा कप अर्धाच भरते, एवढीच काय ती कुरकुर. अक्षराकडे बघू नकोस, पेन भिकार आहे.

आता मुद्द्याचं. माझी लेन्स तू नेलीस आणि परत दिलीस ती वर फिल्टर लावून. तू? डिजिटल कॅमेऱ्याला फिल्टर म्हणजे चष्म्यावर चष्मा, असं म्हणून स्टुडिओत माझी टर उडवणारी? माझे सगळे फिल्टर तूच खोक्यात भरून माळ्यावर टाकलेस. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. लेन्स पाडली असणार, काचेवर ओरखडा आला असणार, तो झाकायला ही काच. फोनवर विचारलं तर म्हणालीस, "असू दे रे दादा, काढू नकोस." म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय हे नक्की झालं.

कालच्या लग्नात नवरीच्या गालावर दिव्याचा हिरवट ठिपका उमटला. तुझ्या फिल्टरचाच प्रताप. काही फोटो हललेसुद्धा, पण गर्दीत धक्के लागतातच.

आज तुझी चोरी पकडायचीच म्हणून बसलो. फिल्टर निघता निघेना, बोटं सारखी घसरत होती. शेवटी रबरबँड गुंडाळून फिरवला आणि लेन्स खिडकीशी धरली. खालची काच लख्ख. एक रेघ नाही. ओरखडे सगळे फिल्टरवर होते. एक स्टँडच्या दांडीचा, एक दाराच्या कडीचा. दोन्ही वेळचे आवाज मला आठवतात. लेन्स तेव्हा माझ्याच हातात होती.

मग हात मांडीखाली दाबून बसून राहिलो. तरी थरथर थांबत नाही गं.

तुला कधी कळलं? वहिनीनं सांगितलं का? ते अर्धे कप त्याचसाठी ना? दोघींनी मिळून ठरवलंत, आणि मला पत्ता नाही. आणखी कुणाकुणाला सांगितलंय? राग आलाय मला. खरं तर भीतीच जास्त वाटते. कॅमेरा सुटला तर मी दिवसभर करू काय?

रविवारच्या लग्नाला ये. दादाच्या पाठीत उसण भरलीय म्हणून सांगू. कॅमेरा तू धर, मी दिवे बघतो.

तुझ्या हातात असेल तेव्हा फिल्टर काढून टाक. माझ्या हातात देताना लाव, पण माझ्यासमोर लावू नकोस.

तुझा,
दादा