आजचा नकाशा

प्रिय मुंगे,

तुझं पत्र मिळालं. गुरुवारी भंगारवाला येणार, यंत्र वजनावर जाणार आणि कारखान्याला कुलूप लागणार. बाबा कारखाना तुझ्या नावावर करायला निघाले होते, तर तू त्यांना म्हणालीस, जिला दोन फुटांचा खांब दिसत नाही तिनं यंत्राजवळ उभं राहू नये. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. फोन केला असता. पण फोनवर तू "बोल ना दादा" म्हणतेस आणि मी तब्येतीची चौकशी करून मोकळा होतो. म्हणून हे कुरियरनं पाठवतोय. बुधवारी मिळायला हवं.

मी ऑफिसात दिवसभर काय करतो, असं तू एकदा विचारलं होतंस. बाबांनीच उत्तर दिलं होतं, "याला खिळा ठोकायला सांगा, हा भिंतीचं चित्र काढून देईल." खरं आहे ते. प्रदर्शनाच्या दालनाचं चित्र काढायचं, ते वेबसाइटवर चढवायचं. हिरवा स्टॉल रिकामा, लाल गेलेला. माणूस घरबसल्या हिरव्यावर बोट ठेवतो, नाव-नंबर भरतो, आणि चौकोन लाल होतो. नकाशा एकच दिसतो, पण आत काचेसारखे थर असतात, एकावर एक ठेवलेले. भिंतींचा एक, स्टॉलचा एक, दारांचा, विजेच्या जोडण्यांचा, खांबांचा. यातला कुठलाही थर दाखवता येतो, लपवता येतो.

तू एकेचाळीस नंबर निवडलास तो दिवस आठवतो. मी डबा खात होतो, तेव्हा तुझा फोन आला. "दादा, चार बाय तीन मीटर आहे, दाराजवळ आहे, यंत्र आडवं मावतं. घेऊ?" मी म्हणालो, "घे की, मला काय विचारतेस!" मागून बाबा ओरडत होते, घाई करू नकोस, नीट बघ, या घरात डोळस माणूस तू एकटीच. पुस्तकं शिवायचं ते यंत्र त्यांनी चार वर्षं खपून केलं होतं. अकरा फुटांचं. त्यांना ते छापखानेवाल्यांसमोर एकदा चालवून दाखवायचं होतं, बस.

पुढचं तुला माहीत आहे. तरी लिहितो, कारण मी ते कधी मोठ्यानं बोललो नाही. मांडणीच्या दिवशी तुम्ही टेम्पोतून यंत्र उतरवलंत आणि स्टॉलच्या बरोबर मध्ये खांब. तू फोनवर जवळजवळ किंचाळलीस. नकाशात खांब नव्हता, म्हणालीस. मी म्हणालो, नकाशा उघड आणि नीट बघ. थोड्या वेळानं तुझा पुन्हा फोन आला. आवाज पार खाली गेला होता. "आहे रे. मलाच दिसला नाही." चूक आमची असती तर कंपनीला दुसरी जागा द्यावी लागली असती. चूक तुझी, म्हणून नाही दिली. वाटेत काही पुढे येऊ द्यायचं नाही असा नियम, म्हणून यंत्र खांबाला चिकटवून लावलंत, आणि ते बसावं म्हणून हात आत जाऊ नये यासाठीची त्या बाजूची जाळी काढलीत. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," असं बाबा म्हणाले.

पहिल्याच दुपारी दोरा अडकला. बाबा तो सोडवायला पलीकडे गेले. समोरचा छापखानेवाला म्हणाला, हं, चालवा. तू बटणापाशी होतीस आणि तुमच्या दोघांच्या मध्ये तो खांब होता.

बाबांच्या उजव्या हाताची चार बोटं. त्यांनी त्याबद्दल तुला एका शब्दानंही बोल लावला नाही, आणि तेच तुला जास्त लागलं. नंतर तू दोनदा डोळे तपासून आलीस. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. "मग माझं लक्ष कुठं होतं रे?" असं तू मला विचारलंस, तेव्हा मी चपलेचा बंद लावत बसलो. आता तू गॅस तीनतीनदा बघतेस, स्कूटर विकलीस, कोणी मोजमाप विचारलं की टेप त्याच्याच हातात देतेस. मी येतो तेव्हा बाबा डाव्या हातानं चहा ओततात, थोडा बशीत सांडतो, आणि तू तो पुसतेस. तीन वर्षं मी हे पाहतोय.

आता ऐक. बुकिंग सुरू व्हायच्या आधी तक्रार आली होती. खांबावर बोट पडलं की स्टॉल उघडायचा नाही. साहेब म्हणाले, "ते काळे ठिपके उडव आधी, नकाशाला देवी आल्यात जशा." नीट दुरुस्तीला दोन दिवस लागले असते. मी खांबांचा थर लपवला आणि नंतर विसरलो. बाकीचे खांब वाटेत होते किंवा टेबलखुर्चीवाल्यांच्या स्टॉलमध्ये. त्यांनी खांबांवर फलक टांगले. तुझा फोन आला तेव्हा साहेब माझ्या टेबलाला टेकून उभे होते. "नीट बघ" म्हणालो आणि थर चालू केला. एक क्लिक. मग तू बघितलंस. तुझ्या पावतीवर नकाशा नव्हता, नुसती लिंक होती, आणि लिंक उघडली की नेहमी आजचाच नकाशा दिसतो. कालचा कुठंच राहत नाही. फक्त मी एक प्रत छापून ठेवली होती, तू बुकिंग केलंस त्याच दिवशी, कौतुकानं, तारखेसकट. ती सोबत आहे. कंपनीला दाखवायची तर दाखव, माझं नाव घालून. भंगारवाल्याला परत पाठवायचं की नाही, ते तू ठरव. बाबांना मी सांगायला हवं, पण माझी छाती होत नाही. ते ओझंही तुझ्यावरच टाकतोय. आधी एवढं कर. कागद उलगड आणि एकेचाळीसवर बोट ठेव. तिथं खांब नाही. तू बरोबर पाहिलं होतंस.

तुझाच, अजून म्हणू देशील तर,
दादा