नरेंद्रकाकांचं पाकीट आणि बासष्ट खण

मी, शंतनू यशवंत पाटणकर, वय छप्पन्न, राहणार नोव्हाय, मिशिगन, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. पत्नी सौ. उत्तरा दोनदा येऊन "झालं का?" विचारून गेली; ते दडपण धरलेलं नाही. सोमवारी माझी बायपास आहे. डोकं ठिकाणावर आहे. बिघाड त्याच्या खाली आहे.

१. घर, गाडी आणि बँकेतलं सगळं उत्तराला. थर्मोस्टॅट कितीवर ठेवायचा हा निर्णयही यापुढे तिचाच. सव्वीस वर्षांचा वाद इथे मिटला.

२. बेसमेंटमधले बासष्ट लोखंडी खण कन्या अंतराला. त्यांत डेट्रॉइटच्या 'मॉर्निंग डिस्पॅच' या दैनिकाची कात्रणं आहेत. तिथल्या कात्रणविभागात मी सत्तावीस वर्षं कात्री चालवली. हा पेपर १८९१ साली एका साबणवाल्याने काढला, कारण बाकीचे पेपर त्याच्या जाहिराती आतल्या पानात टाकत. पुढे पेपराने दोन महापौर निवडून आणले, तीन पाडले, संध्याकाळचा एक प्रतिस्पर्धी गिळला आणि मोटारींचे कारखाने कायम चालणार असं दर जानेवारीत छापलं. गेल्या ऑक्टोबरात मालकांनी कात्रणविभाग बंद केला. म्हणे सगळं ऑनलाइन आहे. १९८५ च्या आधीचं काहीही नाही. खण श्रेडरकडे निघाले होते. ते मी परवानगी घेऊन घरी आणले. उत्तरा म्हणाली, "या घरात एक तर मी राहीन, नाहीतर डेट्रॉइटचे सदुसष्टचे दंगे." दोघंही राहिले.

अंतरा फोनवर म्हणाली, "बाबा, जस्ट स्कॅन इट, यार." बापाला यार म्हणणारीला वारस नेमत आहे, याची नोंद घ्यावी. अट एकच: कुठलाही खण टाकण्याआधी त्यातलं एक पाकीट शेवटपर्यंत वाचायचं. मग टाकायला मोकळी.

३. कबुली. आमच्याकडे प्रत्येक नावाचं एक पाकीट असे. माणूस गेला की त्यावर लाल शिक्का मारून ते मृतांच्या कपाटात जाई. १९९१ साली लॅन्सिंगचे कुणी डॉ. नरेंद्र सबनीस वारले. मी शिक्का मारला तो आपल्या नोव्हायच्या डॉ. नरेंद्र सबनीसांवर. मराठी नावं कळणारा त्या इमारतीत मी एकटा, म्हणून माझं काम कुणी तपासलं नाही.

त्यानंतर वार्ताहरांनी काकांना फोन करणं सोडलं. काकांनी मोफत दवाखाना काढला, बातमी नाही. संपादकांना सतरा पत्रं लिहिली. पत्रविभाग पाकीट मागवी, शिक्का पाही आणि 'लेखक मयत, कुणाचा तरी वाह्यातपणा' असा शेरा मारी. दर गणपतीत काका विचारत, "शंतनू, अरे तुमच्या पेपराचं माझ्याशी वाकडं काय आहे?" मी मोदक वाढत असे. चूक मला १९९६ सालीच सापडली होती. पण दुरुस्त करायची म्हणजे सांगावं लागलं असतं. बारा वर्षं मोदक वाढले.

गेल्या महिन्यात बत्तिसावा खण जिन्यावरून उतरवत होतो, तेव्हा काका आले. "खण ठेव. बस. घाम केव्हापासून येतोय?" स्वतः गाडी चालवून त्यांनी मला हॉस्पिटलात नेलं. निवृत्त, वय चौऱ्याहत्तर, आमच्या कपाटात सतरा वर्षं मयत. उरलेले तीस खण त्यांनीच मराठी मंडळाच्या लोकांकडून उतरवून घेतले. त्यांतल्याच एकात त्यांचं पाकीट होतं.

४. ते पाकीट मी आज काढून जिवंत माणसांच्या खणात ठेवलं आहे. काका या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला त्यातून काही देऊ नये म्हणतात, म्हणून हे देणं न धरता परत करणं धरावं. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही. काकांनी वाचू नये अशी माझी फार इच्छा आहे. त्यांचा चष्मा टेबलावर, उजव्या हाताला ठेवला आहे.

५. मी गेलोच, तर 'डिस्पॅच'ला कळवताना पूर्ण नाव आणि गाव द्यावं. त्यांच्याकडे आता तपासणारा कुणी नाही. आधीही नव्हता.

नोव्हाय, मिशिगन
शुक्रवार, १२ डिसेंबर २००८

शंतनू यशवंत पाटणकर

साक्षीदार: सुमित्रा ओक, शेजारीण. सही करताना पाटणकर पूर्ण शुद्धीत होते आणि रडत नव्हते, असं लिहायला त्यांनी सांगितलं.

साक्षीदार: डॉ. नरेंद्र सबनीस, हयात. सगळं वाचून सही केली. गाढवा, सोमवारी पहाटे पाचला तयार राहा, न्यायला येतो. अठरावं पत्र लिहायला घेतलंय. ते संपादकाच्या हातात तू स्वतः नेऊन द्यायचंस.