गुलाबी पाण्याच्या खटल्यातून मुक्त करण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
सरकारी अभियोग कार्यालय.

विषय : मुख्य अभियंत्यावरील लाचखटल्यातून सरकारी वकिलास मुक्त करण्याबाबत.
संदर्भ : ‘पुन्हा थापा नकोत’ या आपल्या शेऱ्यासह परत आलेला मागील अर्ज.

महोदय,

खालील मजकुरावर आपण काय, कोर्टातला पंखासुद्धा विश्वास ठेवणार नाही, हे अर्जदार आधीच छातीठोकपणे नमूद करतो.

१. सापळ्यातल्या नोटांना लावलेली पावडर हाताला लागली तरी दिसत नाही. सोड्याच्या पाण्यात बोटे बुडवली की पाणी गुलाबी होते. मुख्य अभियंत्याच्या हातांनी गुलाबी झालेल्या पाण्याची मोहोरबंद बाटली हाच आता पुरावा. साक्षीदार एकेक करून फिरले. सोमवारी अंतिम युक्तिवाद आहे, आणि अर्जदाराशिवाय हा खटला हातात घ्यायला कोणी तयार नाही.

२. तथापि, हल्ली अर्जदाराने कार्यालयात हात धुतले की बेसिन गुलाबी होते. शिपायाने धुतले, तरी तेच. मंगळवारी अर्जदार बोलायला उभा राहताच न्यायाधीश महोदयांच्या पेल्यातले पाणी गुलाबी झाले. त्यांनी ते सरबत समजून पिऊन टाकले आणि पुढची तारीख दिली.

३. कोर्टाच्या जिन्यावर एक मनुष्य रोज उभा असतो. बोलत नाही. अर्जदाराकडे बघून हसतो. उजवा हात मात्र खिशातून काढत नाही. गुरुवारी तो जिन्यावर नव्हता. तेव्हा तो कुठे होता, हा या अर्जाचा विषय नाही.

४. सबब, ज्याने पाण्याची धास्ती घेतली आहे, त्याच्या हाती पाण्याचा पुरावा ठेवू नये. अर्जदारास कोणीही धमकावलेले नाही. घरच्या मंडळींचा यात काडीचाही संबंध नाही.

५. वाचून दाखवल्याशिवाय सही करायची नाही, या पंचनाम्याच्या सवयीने अर्जदाराने वरील मजकूर घरी मोठ्याने वाचला. अर्जदाराची पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिचे म्हणणे जसेच्या तसे :

“अहो, नळाचं पाणी कधीपासून गुलाबी व्हायला लागलं? सोड्याशिवाय होत नाही, हे जेवताना ऐकून ऐकून माझे कान किटले. गुलाबी झालं ते माझ्या धुण्याच्या बादलीतलं सोड्याचं पाणी! गुरुवारी आपल्या नातीनं शाळेतून आल्या आल्या त्यात हात घातला तेव्हा. ‘आजोबांच्या मित्रानं हात धरून घरी सोडलं,’ असं ती तुमच्यासमोरच म्हणाली ना? मग कोणी धमकावलं नाही म्हणून काय लिहिता? आणि कागद फाडू नका. पंचनाम्यात खाडाखोड चालत नाही, हे तुम्हीच सगळ्यांना बजावता. जाऊ दे असाच.”

सबब, वरील विषय ‘अर्जदाराच्या नातीस तातडीने पोलीस संरक्षण मिळण्याबाबत’ असा वाचावा. सोमवारी अर्जदार कोर्टात उभा राहील.

आपला, थापांसाठी बदनाम परंतु या वेळी नम्र,
(सही)
सरकारी वकील
शुक्रवार

सोबत : धुण्याच्या बादलीतील पाणी, एक बाटली, मोहोरबंद.
पंच म्हणून सही : अर्जदाराची पत्नी.