हिरव्या झाकणाचे डबे

२ जानेवारी
निर्णय पक्का. उद्यापासून घरात फक्त ऑरगॅनिक. भाव दुप्पट, काही वस्तूंचा तिप्पट. ही म्हणाली, परवडेल का? म्हटलं, आरोग्य हा खर्च नसतो, गुंतवणूक असते. विमा कंपनीत एकोणीस वर्षं काय माशा मारल्या? मग ती म्हणाली, अप्पांची कवळी या महिन्यात करायची ठरली होती. अप्पा म्हणजे तिचे वडील. दोन वर्षांपूर्वी चार दिवसांसाठी आले होते. कवळी नंतर. आधी मुळापासून आरोग्य.

५ जानेवारी
बिल आलं. पाणी प्यायलो. पुन्हा बघितलं. तेवढंच होतं.
चौघांना ऑरगॅनिक शक्य नाही. भावना बाजूला ठेवून ऑफिसातल्यासारखा विचार केला. ज्याचं आयुष्य जास्त उरलंय, त्याच्यावरचा खर्च जास्त वसूल होतो. लेक, वय चौदा: पात्र. मी, सत्तेचाळीस, घराचा आधारस्तंभ: अत्यंत पात्र. ही: पुढच्या वर्षी फेरविचार. (शाळेत शिकवते, पण तिचा पगार घरभाड्यातच जातो, म्हणजे धरायचा नाही.) सासरे, एक्याऐंशी: पडायला आलेल्या घराला कुणी रंग काढत नाही. शिवाय ऑरगॅनिक गाजर कडक असतं आणि त्यांना कवळी नाही. सगळं कसं आपोआप जुळतं!
तक्ता फ्रिजवर लावला. हिरव्या झाकणाचे डबे ऑरगॅनिक, पांढऱ्या झाकणाचे साधे. सासऱ्यांनी चष्मा पुसून तक्ता पूर्ण वाचला. जावईबापू, अक्षर सुरेख आहे हो तुमचं, म्हणाले. म्हणजे त्यांचा विरोध नाही.

११ जानेवारी
फ्लॉवर अप्रतिम! पांढराशुभ्र, एक अळी नाही. ऑफिसातला कॅशियर म्हणत होता, फवारणी नसली की अळ्या वळवळणारच. म्हटलं, शुद्ध मातीत किडीचं काय काम? कॅशियर हसला. अडाणी माणूस. मला लहानपणापासून अळीची शिसारी आहे. एक दिसली तरी दोन दिवस घास उतरत नाही. आता ती भीती कायमची गेली.
सासरे पहाटेच उठून स्वयंपाकघरात टेबलावर पेपर पसरतात आणि डोळ्याला भिंग लावून, हातात चिमटा घेऊन काहीतरी करत बसतात. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दिवा मात्र माझा जळतो.

१८ जानेवारी
मीठ पुन्हा संपलं! हिला विचारलं. अप्पांना लागतं, म्हणाली. या वयात चोरून मीठ खातात! तक्त्यात त्यांचं उरलेलं आयुष्य दोन वर्षांनी कमी केलं. पेन्सिलनं. शेवटी माणुसकी आहे.

२७ जानेवारी
वजन तीन किलो वाढलं. शुद्ध अन्न भरीव असतं.
लेकीनं आपला हिरवा डबा आजोबांपुढे सरकवलेला पकडला. समजावलं की बेटा, हा तुझा हक्क आहे. तर म्हणते, बाबा, आपल्याकडे कुत्रा असता तर त्याला कुठल्या झाकणाचा डबा? म्हटलं, पिल्लू असेल तर हिरवा. ती उठून गेली. पटलं असावं.

६ फेब्रुवारी
एक टोमॅटो कमी.
जेवताना विचारलं. ओरडलो नाही, फक्त मोठ्यानं विचारलं. सासरे म्हणाले, मी घेतला हो. लहानपणी असायचा तसा लागतो का, बघत होतो. विचारलं, मग, लागला का? म्हणाले, कळलं नाही. चावता येत नाही ना, चोखूनच खाल्ला. मग उठून खिशातून पैसे काढले आणि माझ्या ताटाशी ठेवले. मी नको म्हणणार होतो. पण उद्या प्रत्येक जण टोमॅटो घेऊन कारणं सांगेल. तत्त्व म्हणून ठेवून घेतले.
हिनं ते पैसे माझ्याकडे आणखी सरकवले. समजूतदार आहे.

७ फेब्रुवारी
ही गेली. अप्पा आणि लेकीला घेऊन, धाकट्या बहिणीकडे. जाताना म्हणाली, तक्त्यात आमची तिघांची नावं खोड, जागा होईल.
सासरे दारातून वळले. म्हणाले, जावईबापू, तो नवा फ्लॉवर आणलाय ना, तो आधी मिठाच्या पाण्यात... ही म्हणाली, अप्पा, चला! म्हाताऱ्याला निघतानाही मिठाचंच पडलेलं.

८ फेब्रुवारी
तीन तोंडं कमी. आता खऱ्या अर्थानं शंभर टक्के ऑरगॅनिक परवडेल. सगळ्या डब्यांना हिरवी झाकणं लावली. शांतता आरोग्याला उत्तम. येतील चार दिवसांत.

१० फेब्रुवारी
घरमालक भाडं मागायला आला. हिच्याकडून घ्या म्हणणार होतो.

११ फेब्रुवारी
आज पहिल्यांदाच स्वतः फ्लॉवर केला. शिजवलं की सत्त्व जातं, म्हणून कच्चाच, नुसता चिरून. कॅशियरलाही फोन करून सांगितलं. ताटात वाढला. पहिला घास उचलला, तर देठाच्या बेचक्यात काहीतरी हललं.
भाजीवाल्याला फोन लावला. फसवणूक आहे ही, पैसे परत करा. तो म्हणाला, साहेब, फवारणीच नाही तर अळ्या असणारच, दर वेळी असतात. तुमच्याकडचे आजोबा भिंग लावून एकेक काढतात ना? त्यांनीच सांगून ठेवलंय, आमच्या जावयाला अळीचं काही बोलू नका, बिचाऱ्याचं जेवण जातं.
फोन ठेवला. विचार केला. खंबीर माणसानं तक्ता बदलायला घाबरू नये. लगेच हिला फोन केला, लेकीनं उचलला. म्हटलं, आजोबांना सांग, रोज सकाळी तासभर आले तरी चालेल. मी त्यांना हिरवा डबा देईन. अर्धा.
लेकीनं तिकडे सगळ्यांना ते मोठ्यानं सांगितलं. ही हसली. मेव्हणी हसली. लेक तर खोकेपर्यंत हसली. मग मागून सासऱ्यांचा आवाज आला. अगं, हसता काय? जावईबापूंचं जेवण झालं का, ते विचार आधी.
झालं म्हणालो.
ताट समोर तसंच होतं. अळीचं मात्र चालू होतं.