बायप्रिझमचं टेबल

आबा, परवा साताऱ्यात वर्गावर एका मुलीनं विचारलं, "मॅडम, प्रकाश नक्की काय आहे, लाट की कण?" मला तुम्हीच आठवलात. सैन्यातून निवृत्त होऊन तुम्ही कराडच्या कॉलेजात प्रयोगशाळा परिचर झालात आणि मी तिथंच बी.एस्सी.ला. एका टेबलावरची उजेडाच्या दोन वाटा करणारी बायप्रिझमची काच तुम्ही पुसताय, मग दुसऱ्यावरचा, उजेड पडला की वीज देणारा फोटोसेल, आणि मला म्हणताय, "हितं लाट म्हंता, तितं गोळी म्हंता. उजेड तर एकच हाय. कुनीतरी खोटं बोलतंय." मी समजावते, मांडणी जे विचारते त्याचंच उत्तर मिळतं. फोटोसेलवर प्रकाश कणाकणानं आदळतो. बायप्रिझममधून दोन वाटांनी येतो तेव्हा काळे-पिवळे पट्टे उमटवतो, पण कुठल्या वाटेनं आला याची नोंद ठेवली की पट्टे पुसले जातात. दोन्ही चित्रं खरी, दोन्ही लागतात, पण एकाच मांडणीत एकदम मिळत नाहीत. तुम्ही फडकं झटकता. "म्हंजे पहारा बसला की चाल बदलतो. असली लय बघितल्यात."

तुमचा संशय साऱ्या जगावर, माझा मात्र एकट्या तुमच्यावर. प्रॅक्टिकलच्या परीक्षेआधी सगळ्या टेबलांवरची जुळणी विस्कटून ठेवायचं काम तुमचं होतं. चिठ्ठीत मला बायप्रिझम निघालं. ते जुळवायला अर्धा तास जातो आणि माझा हात नेमका तिथंच अडायचा. डोळा लावला तर पट्टे समोर, स्वच्छ. तुम्ही खिडकीपाशी पाठ करून उभे. विस्कटायचं विसरलात, की मुद्दाम तसंच ठेवलंत? त्या मार्कांवर पुढचा प्रवेश मिळाला, त्यावर ही नोकरी. लग्नानंतर माहेरी आले असताना चहा पिताना मी एकदा विचारलंच. "तुला पट्टं दिसलं न्हवं? मग झालं," म्हणालात आणि बशीतला चहा संपवलात. मला राग आला होता. अजून येतो. मी जे झाले ते माझ्या हातानं की तुमच्या, हे न सांगताच तुम्ही गेलात.

हे पत्र टाकणार तरी कुठं, खणातच राहील. पण इतकी वर्षं तुमच्याकडे बोट दाखवतेय, तर एवढं लिहायला हवं. परीक्षेच्या आदल्या दिवशी जेवताना, आईशी बोलतेय असं दाखवून, तुम्हाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हणाले होते, "बायप्रिझम आलं तर माझं काय खरं न्हाई." तुम्ही ताटावरून मान वर केली नव्हती. मी मात्र तुमच्याकडेच बघत होते.