रघूच्या छातीवरचं पिवळं यंत्र

१९ जानेवारी, सोमवार

रघूने आज कॅनडातून फोनवर छातीला बांधलेलं पिवळं यंत्र दाखवलं. बर्फावरची मोटार चालवताना हिमकडा कोसळला, तर गाडलेल्याचा माग त्यावरून लागतो म्हणे. शिवाय उतार एकेकानेच ओलांडायचा, बाकीच्यांनी नजर हलवायची नाही.

"तुझ्यावर कोणाची नजर?"

"मेगनची, अक्का."

त्याची बायको. निघताना ते पिवळं यंत्रही तीच तपासते. उकरायचं फावडंही तिच्याच पाठीवर.

लहानपणी तिरुवैयारूला हा कावेरीत बुडी मारायचा, तेव्हा डोकं वर येईपर्यंत घाटावर श्वास रोखून कोण उभी असायची? मीच ना?

संध्याकाळी देवापुढे मागितलं, तिची नजर हलू देऊ नकोस. मागताना तोंड कडू झालं. तरी दोनदा मागितलं.